वॉल्व्ह कोणता बसवायचा? सोलापुरातल्या एका वैनींची केस

हृदयाचा वॉल्व्ह, म्हणजे झडप, बदलायची वेळ आली की मेडिकल दुकान चालवणाऱ्याला हा प्रश्न ठरलेला. नातेवाईक इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "साहेब, धातूचा टाकू का जनावराचा, चांगला कुठला?" त्याला एका शब्दात उत्तर पाहिजे असतं आणि ते देता येत नाही, कारण उत्तर पेशंटप्रमाणे बदलतं, आणि पेशंट म्हणजे फक्त त्याचं हृदय नाही, त्याची कमाई, घर, लॅब किती लांब, गोळी रोज आठवणीनं देणारं कुणी आहे का, पोर अजून हवंय का, हे सगळं त्यात येतं. खाली एक केस पूर्ण लिहितोय. घरच्यांना विचारून लिहितोय, नाव, गल्ली, हॉस्पिटल काही सांगणार नाही, आणि मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पेशंट म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताची बायको, वय ३१, म्हणून आमच्या वैनी. घरी बसून विड्या वळतात, नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, एक मुलगी दुसरीत, आणि सासू, ज्यांना मी मावशी म्हणतो. वैनींचं माहेर मोहोळकडचं. अकरा-बारा वर्षांच्या असताना घसा दुखून ताप आला होता, मग महिनाभर कधी गुडघा सुजायचा, कधी घोटा, कधी मनगट, शाळा बुडाली, गावातल्या कुणीतरी आमवात सांगून लेप दिला आणि सांधे आपोआप बरे झाले. सांधे बरे होतातच, तीच तर फसगत असते. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूशी लढायला शरीर जे सैन्य उभं करतं ते स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं, याला रुमॅटिक फिव्हर म्हणतात, आणि झडप खराब व्हायला मग दहा-पंधरा वर्षं निवांत लागतात. तोवर सगळे विसरलेले असतात.

पहिल्यांदा दम लागला तो मुलीच्या वेळी, सातव्या महिन्यात. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्के वाढतं, हृदयाचे ठोकेही वाढतात, त्यामुळे अरुंद झडप लपून राहत नाही. पण पहिलटकरणीला दम लागतोच असं घरात ठरलं, आणि बाळंतपण कसंबसं पार पडलं, दोन रात्री उशी टेकवून बसून काढल्या म्हणे. त्यानंतर जिना चढला की धाप, पाणी भरलं की धाप, आणि आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी बॅरल, घागरी, बादल्या सगळं एका दमात भरायचं असतं. जवळच्या एका डॉक्टरांनी तंबाखूच्या धुळीचा दमा सांगितला. विडी वळणाऱ्या बाईला दमा, ऐकायला पटतंच की. पंप दिला. आता त्या पंपातल्या औषधानं हृदयाचे ठोके वाढतात आणि वैनींच्या आजारात नेमकं तेच नको असतं, का ते पुढे सांगतो, पण दोन वर्षं पंपच चालू होता आणि छातीला स्टेथोस्कोप लावून नीट कान देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

मग जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेले सगळे. होम मैदानावरच्या गर्दीत वैनींच्या छातीत अशी धडधड सुरू झाली की ती थांबेचना, ओठ निळसर, खोकल्यातून गुलाबी फेस. दोस्ताचा मला फोन, "अबे ही बोलंना झालीय." तिथून सरळ दवाखाना. ईसीजीत एएफ, म्हणजे ॲट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटलेला, नाडी १५०च्या पुढे. फुप्फुसात पाणी. ऑक्सिजन, लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्सचं इंजेक्शन, ठोके कमी करायची औषधं, आणि दुसऱ्या दिवशी टू-डी इको.

रिपोर्टातलं महत्त्वाचं तेवढं सांगतो. मायट्रल वॉल्व्ह, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप, तिचं तोंड नॉर्मलला ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असतं, दीडच्या खाली गेलं की सिव्हिअर धरतात, वैनींचं ०.९ होतं. पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटून मध्ये शर्टाच्या काजाएवढी फट उरलेली. वरचा डावा कप्पा फुगून ५.६ सेंटीमीटर. फुप्फुसाच्या धमनीतलं प्रेशर वाढून ६२. मायट्रलमधून मध्यम लीकेज, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून पण लीकेज, आणि तिची रिंग, म्हणजे झडपेची गोल कड, ताणून ४२ मिलिमीटर झालेली. खालच्या कप्प्याचं पंपिंग मात्र ५८ टक्के, नॉर्मल. हे बघून दोस्त खूश झाला, पंपिंग चांगलंय म्हणतोय बे डॉक्टर. पंपिंग चांगलं असणारच, कारण बिघाड पंपात नाही, पंपात रक्त येणाऱ्या दारातच आहे.

ठोक्यांचं गणित आता सांगतो. वरच्या कप्प्यातून खाली रक्त उतरतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. ठोके वाढले की आकुंचनाचा वेळ फारसा कमी होत नाही, विश्रांतीचाच वेळ कमी होतो, आणि फट अरुंद असताना वेळही कमी पडला की रक्त वर साचतं, तिथून मागे फुप्फुसात. म्हणून गर्दी, ताप, गरोदरपण, पाणी भरणं, दम्याचा पंप, एएफ, ही सगळी एकाच माळेतली कारणं. म्हणून ठोके कमी करणारं मेटोप्रोलॉल दिलं तर बाईला लगेच बरं वाटतं. पण बरं वाटणं वेगळं आणि झडप उघडणं वेगळं. गोळीनं झडप उघडत नाही, हे मावशींना समजवायला आम्हाला लई दिवस लागले, "गोळ्यांनी तर बरी झालीय की, छाती कशाला फाडता?"

आता पर्याय. पहिला विचार बलूनचाच असतो आणि असायलाच पाहिजे. मांडीतल्या शिरेतून नळी वर न्यायची, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडे जायचं, झडपेत फुगा फुगवायचा, चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. जपानच्या कांजी इनोए यांनी १९८२ मध्ये हे पहिल्यांदा केलं आणि आपल्याकडे रुमॅटिक पेशंट इतके की हा बलून भारतात चांगलाच रुळला. छाती उघडायची नाही, दोन-तीन दिवसांत घरी. त्याच्या आधी बंद हृदयाचं ऑपरेशन असायचं, डाव्या बरगड्यांतून आत जाऊन बोटानं किंवा डायलेटरनं पाकळ्या सोडवायच्या, माझ्या दुकानात येणाऱ्या एक आजी आहेत त्यांच्या डाव्या कुशीत तो जुना लांब व्रण आहे, आणि आजी अजून खणखणीत आहेत. बोट घालायची ही कल्पना पहिल्यांदा लंडनच्या हेन्री साउटर यांनी १९२५ साली एका तरुण मुलीवर करून दाखवली, मुलगी वाचली, आणि तरी त्यानंतर त्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे कुणी दुसरा पेशंटच पाठवला नाही. डॉक्टर लोकांचं पण असं असतं.

बलून कुणाला चालेल हे ठरवायला विल्किन्स स्कोअर असतो, पाकळ्या किती हलतात, किती जाड झाल्यात, कॅल्शियम किती, खालच्या दोऱ्या किती आखडल्यात, प्रत्येकाला १ ते ४ मार्क, एकूण १६ पैकी. इथे मार्क जेवढे कमी तेवढं बरं, ८ किंवा खाली असेल तर बलूनचा रिझल्ट चांगला. वैनींचा ११. दोन्ही कडांना कॅल्शियम. आणि वर मध्यम लीकेज, म्हणजे फुगवताना पाकळी फाटली तर लीकेज एकदम सिव्हिअर होऊन अर्ध्या रात्री इमर्जन्सी ऑपरेशन. तरीसुद्धा कार्डिओलॉजिस्टनी लगेच नाही म्हटलं नाही. तोंडातून नळी घालून करतात तो इको केला, आणि डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात जी पिशवी असते, अपेंडेज म्हणतात, तिच्यात रक्ताची गुठळी सापडली. ताल सुटलेल्या, फुगलेल्या कप्प्यात रक्त फिरत नाही, साचतं, साचलं की गोठतं. गुठळी असताना त्याच कप्प्यात वायर आणि बलून फिरवायचा म्हणजे ती सुटून मेंदूत जायची भीती. म्हणून रक्त पातळ करायची असिट्रॉम सुरू करून काही आठवडे थांबले, परत तोच इको, गुठळी लहान झालेली पण गेलेली नव्हती. तिथे बलूनचा विषय संपला.

मधल्या काळात व्हॉट्सॲपवर जे येतं ते सगळं आलं. कुणाच्या तरी चुलत्याला पुण्यात पायातून वॉल्व्ह बसवला, तसा बसवा. तो टावी. फ्रान्सच्या ॲलाँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिला केला, आणि तो महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या एओर्टिक वॉल्व्हसाठी, मुख्यतः म्हाताऱ्या माणसांत जिथे कॅल्शियम साचून झडप कडक झालेली असते तिथे. वैनींची झडप वेगळी, आजार वेगळा, वय वेगळं. मग कुणीतरी क्लिपचा व्हिडिओ पाठवला. क्लिप लीकेजवर असते, दोन पाकळ्या मध्ये चिमटीत धरून जोडते, आणि इथे पाकळ्या आधीच जोडल्या गेल्यात हीच तर तक्रार आहे. दोस्ताला एवढंच म्हटलं की पाठवणाऱ्याला विचार, झडप कुठली, ती आवळलीय की गळतेय, पेशंटचं वय काय, आणि मग बोल.

म्हणजे ऑपरेशन पक्कं. आता त्यात तीन वाटा: आहे तीच झडप दुरुस्त करायची, जनावराच्या ऊतीची म्हणजे टिश्यू बसवायची, नाहीतर मेकॅनिकल, म्हणजे धातूची. दुरुस्ती झाली तर सोन्याहून पिवळं, स्वतःची झडप राहते. पण रुमॅटिक झडप दुरुस्तीला अवघड. म्हातारपणी झडपेची दोरी तुटून गळती लागते तशा केसमध्ये दुरुस्ती छान टिकते, इथे पाकळ्या जाड, आखडलेल्या, कॅल्शियम भरलेल्या, दोऱ्या एकमेकींत चिकटलेल्या. ओढूनताणून केली तरी काही वर्षांत परत आवळायची शक्यता, आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जास्त जोखमीचं, कारण आत सगळं चिकटलेलं असतं. सर्जनचं म्हणणं, आत जाऊन डोळ्यांनी बघीन, जमण्यासारखं वाटलं तर करीन, पण तुम्ही बदलायच्या तयारीनं या आणि कुठला बदलायचा हे आधी ठरवून या.

मला या सगळ्या प्रकरणात लिहावंसं वाटलं ते इथूनच.

टिश्यू वॉल्व्ह डुकराच्या झडपेपासून किंवा गायी-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवतात. मावशींनी हे ऐकून कानावर हात ठेवले होते पण तो भाग पुढे आपोआप मागे पडला. फायदा हा की ऑपरेशननंतरचे सुरुवातीचे महिने सोडले तर एरवी रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर लागत नाही. तोटा हा की ती झिजते, साधारण १० ते १५ वर्षं, आणि पेशंट जेवढा तरुण तेवढी लवकर. मेकॅनिकल झडप झिजून खराब होत नाही म्हटलं तरी चालेल, पण धातू-कार्बन-प्लास्टिकवर रक्त गोठायला बघतं, म्हणून गोळी मरेपर्यंत, आणि गोळीचा डोस बरोबर बसलाय का बघायला आयएनआर नावाची रक्त तपासणी पण मरेपर्यंत. पुस्तकातला ढोबळ हिशोब असा की पन्नाशीच्या आत मेकॅनिकल, ६५च्या पुढे टिश्यू, मधल्यांनी बसून बोलावं. ३१ म्हणजे मेकॅनिकल, विषय संपला, असं वाटतं ना? नाही संपत. कारण बाई आहे, एक मूल आहे, आणि ही गोळी गरोदरपणात, खास करून सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, गर्भाला व्यंग करू शकते. गोळी बंद करून हेपरिनची इंजेक्शनं घेतली तर मूल वाचतं पण आईचा वॉल्व्ह गुठळीनं जाम व्हायचा धोका वाढतो. मेकॅनिकल वॉल्व्ह घेऊन गरोदर राहणं हे हृदयाच्या पेशंटमध्ये सगळ्यात जोखमीच्या गरोदरपणांपैकी एक धरतात. म्हणून ज्या बाईला मूल पाहिजेच आहे तिला कधीकधी वय कमी असूनही टिश्यू देतात, दहा-बारा वर्षांनी दुसरं ऑपरेशन लागेल हे समजून उमजून.

सर्जननी ओपीडीत विचारलं, "अजून मूल हवंय का?" खोलीत दोस्त, मी, मावशी, वैनी. उत्तर मावशींनी दिलं, "हवंय की, एक मुलगा तर पाहिजे." वैनी खाली बघत होत्या. सर्जन पण लिहायला लागले. मला तिथे काही बोलता येईना, दीर लागतो मी. पण तिथल्या एक सीनियर सिस्टर होत्या, त्यांनी वजन करायच्या निमित्तानं वैनींना आत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्यावर सिस्टर सर्जनना एवढंच म्हणाल्या की पेशंटशी एकटीशी परत बोला. वैनींना दुसरं मूल नको होतं. पहिल्या बाळंतपणातल्या त्या दोन रात्री त्या विसरल्या नव्हत्या, आणि हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पुढे त्यांनी मला एवढं सांगितलं, "भावजी, आहे तिला वाढवते की, तेवढं जगू द्या मला." माझं मत विचाराल तर हा प्रश्न बाईला नातेवाईकांसमोर विचारूच नये. इकोचे सगळे आकडे एका बाजूला आणि हे एक उत्तर एका बाजूला, कारण या उत्तरावर झडपेचा प्रकार ठरतो.

दुसरी गोष्ट, जी दोस्तालाच काय, मलाही आधी डोक्यात आली नव्हती, ती सर्जननी मांडली. टिश्यूचा सगळा मोह गोळी टळते म्हणून. पण वैनींना एएफ आहे आणि गुठळी होऊन गेलीय, म्हणजे टिश्यू टाकली तरी गोळी चालूच राहणार. मग गोळीचा त्रासही घ्यायचा आणि दहा-बारा वर्षांनी परत छातीही उघडायची, यात कमावलं काय? ताल परत आणायची मेझ नावाची प्रोसिजर ऑपरेशनमध्येच करता येते, तिचाही विचार झाला, पण कप्पा इतका फुगलेला आणि आजार रुमॅटिक, ताल टिकेल याची खात्री कमी, म्हणून त्या भरवशावर टिश्यू निवडणं त्यांना पटलं नाही.

उरला मेकॅनिकल. आणि त्याची खरी परीक्षा ऑपरेशन टेबलवर नसते, आयएनआर वेळेवर होतो का इथे असते. आमच्या गल्लीपासून लॅब चालत दहा मिनिटांवर, दुकान माझं, म्हणून मी बिनधास्त हो म्हणालो. हेच घर करमाळ्याच्या एखाद्या वाडीत असतं, लॅबला जायला एसटी आणि एक दिवसाची मजुरी बुडणार असती, तर मी परत विचार करा म्हटलं असतं.

कुठे करायचं यावर पण घरात वाद झाला. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला नेऊ, नाहीतर मुंबईला केईएमला. नेऊ नये असं कुणी म्हणत नव्हतं, पण सोलापुरात ओपन हार्टची ऑपरेशनं होतात, आणि झडप बदलल्यावर पेशंटचं त्या टीमशी नातं वर्षानुवर्षांचं असतं, ताप आला तर, आयएनआर बिघडला तर, कुणाला दाखवणार? पैशाचं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आता, वॉल्व्ह बदलणं त्यात येतं. रेशनकार्डावर वैनींचं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं निघालं, त्यात आठवडा गेला. ज्यांच्याकडे हृदयाचा पेशंट आहे त्यांनी हे नावाचं आधीच जुळवून ठेवा, हॉस्पिटलातला आरोग्यमित्र मदत करतो पण तो नाव बदलू शकत नाही.

ऑपरेशन. छातीचं मधलं हाड कापून, हार्ट-लंग मशीनवर घेऊन, हृदय थांबवून. झडप बघून सर्जननी दुरुस्तीचा विचार सोडला. बसवला तो चित्रा वॉल्व्ह, २७ नंबर. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला आपला भारतीय वॉल्व्ह, पहिला पेशंटमध्ये बसला डिसेंबर १९९० मध्ये, त्याआधीची मॉडेलं टेस्टिंगमध्ये फेल गेली होती तरी त्यांनी सोडलं नाही. धातूचा सांगाडा आणि त्यात तिरपी उघडणारी प्लास्टिकची एकच चकती, चकती प्लास्टिकची असल्यानं आवाज कमी. मागच्या पाकळीच्या दोऱ्या शक्य तेवढ्या राखल्या, कारण त्या खालच्या कप्प्याचा आकार सांभाळतात. गुठळी काढली, अपेंडेजचं तोंड आतून शिवून टाकलं. ट्रायकस्पिडला कृत्रिम रिंग टाकून आवळलं, कारण झडपेची कड ४० मिलिमीटरच्या वर ताणलेली असेल तर डाव्या बाजूचं ऑपरेशन करतानाच ती नीट करतात, नाहीतर पुढे उजवी बाजू बिघडते आणि परत उघडावं लागतं. दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, आठवड्यानं वैनी घरी. हाड जुळेपर्यंत घागर उचलायची नाही, पाण्याच्या दिवशी दोस्त सुट्टी टाकायचा किंवा शेजारची पोरं भरायची. विड्यांची पाटी तिसऱ्या महिन्यात परत मांडीवर आली.

आणखी एक काम घरात झालं, ज्याची चर्चा आमच्याकडे कुणी करत नाही. दिवस राहू नयेत याची सोय. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्त गोठायचा धोका वाढतो, तांबीनं पाळी जास्त जाते आणि रक्त तर आधीच पातळ, आणि बाईची शस्त्रक्रिया म्हणजे परत भूल, परत गोळी थांबवणं. दोस्तानं स्वतःची नसबंदी करून घेतली, बिनटाक्याची, दुपारी घरी. तीन महिन्यांनी तपासणी होईपर्यंत दुसरी सोय वापरायची असते, तेवढी पाळली. मावशी पंधरा दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आता आयएनआर. मायट्रलला मेकॅनिकल असेल तर अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा असतो. खाली गेला तर वॉल्व्ह जाम, वर गेला तर रक्तस्राव. पहिला गोंधळ उन्हाळ्यात झाला. जुलाब लागले, गल्लीतल्याच एकांकडून मेट्रोनिडाझोल आणि सोबत दुखण्याची एक गोळी आणली, वॉल्व्हचं सांगितलंच नाही. मेट्रोनिडाझोल असिट्रॉमचा परिणाम वाढवतं, दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या पोटात रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि चार दिवस जेवण नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना म्हणून वैनी दुकानात आल्या, मी सरळ लॅबला पाठवलं, आयएनआर ६.४. डॉक्टरांनी ॲडमिट करून दोन डोस थांबवले, रोज तपासलं, खाली आला. गोळीचा परिणाम उलटवणारं व्हिटॅमिन के चं इंजेक्शन घाईनं दिलं नाही, आणि ते बरोबरच, कारण मोठा डोस दिला तर उलट टोकाला जाऊन वॉल्व्हवर गुठळी व्हायची. दुसरा गोंधळ नवरात्रात, उपासाला म्हणून गोळी पण सोडली दोन दिवस, आयएनआर १.६. देवीला गोळी चालते, हे मी नाही, मावशींनी सांगितलं सुनेला, आणि तेव्हापासून संध्याकाळची गोळी मावशीच हातावर ठेवतात.

भाज्यांचं सगळे विचारतात, कारण पालेभाज्यांत हेच व्हिटॅमिन के असतं. मेथी, पालक, शेपू, अंबाडी बंद करायची नाही, रोज साधारण तेवढीच ठेवायची, एक आठवडा रोज पालेभाजी आणि पुढचा आठवडा नुसती भाकरी-शेंगाचटणी असं केलं की आकडा नाचतो. असिट्रॉम १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये येते, स्ट्रिप घेताना आकडा मोठ्यानं वाचा, नुसतं "तीच द्या" म्हणू नका. आणि कुणी म्हणालं की आता नव्या गोळ्या आल्यात ज्यांना तपासणी लागत नाही, तर मेकॅनिकल वॉल्व्हला त्या चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रानची मेकॅनिकल वॉल्व्हवाल्यांतली ट्रायल गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून मध्येच थांबवावी लागली, २०१३ मध्ये निकाल आला. रुमॅटिक आजार आणि एएफ असलेल्या पेशंटमध्ये रिव्हारोक्साबॅन या दुसऱ्या नव्या गोळीची ट्रायल झाली, २०२२ मध्ये निकाल आला, त्यातही जुनीच गोळी सरस ठरली.

झडप बदलली म्हणून रुमॅटिक फिव्हर परत येऊ नये यासाठीचं पेनिसिलिन सुटत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. रुमॅटिक फिव्हर परत आला तर बाकीच्या झडपा आहेतच. ऑपरेशनच्या आधी वैनींना इंजेक्शनऐवजी रोजच्या पेनिसिलिनच्या गोळ्या होत्या, कारण झडप सिव्हिअर आवळलेली आणि तब्येत नाजूक असताना इंजेक्शननंतर ॲलर्जी नसतानाही पेशंट कोसळू शकतो, अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये तसं बजावलंय. आता आयएनआर बघून दर एकवीस दिवसांनी १२ लाख युनिटचं इंजेक्शन, देऊन झाल्यावर जागा बराच वेळ दाबून धरायची. किमान चाळिशीपर्यंत तरी चालेल असं सांगितलंय.

सध्या अडलंय ते दाढेवर. किडलेली दाढ काढायचीय, दाताच्या दवाखान्यात सांगितलं पाच दिवस असिट्रॉम बंद करा. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले अजिबात नाही, एका दाढेसाठी गोळी थांबवायची गरज नसते, आयएनआर हद्दीत आहे ना बघा, टाके घाला, कापूस दाबून धरा. वॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, नेहमी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम देतात, पण वैनी पेनिसिलिनवरच असल्यामुळे तोंडातले जंतू त्याला सरावलेले असू शकतात, म्हणून दुसऱ्या गटातलं लिहून दिलंय. चिठ्ठी घेऊन दोस्त परत दाताच्या डॉक्टरांकडे गेलाय. आयएनआर आदल्या दिवशी सकाळी करायचा आणि रिपोर्ट दोघांनाही दाखवायचा असं ठरलंय.